काल दुपारी कोणी भरवलं?

रक्त काढून घेताना माणसाने तोंड बंद ठेवावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सिकंदराबादच्या एका दवाखान्यात बाही वर सारून मी खुर्चीत बसलो होतो आणि शेजारी उभ्या असलेल्या बायकोला बिनधास्त मराठीत सांगत होतो, "ही मुलगी बघ, उभ्या उभ्या पेंगतेय. सुई शिरेत जाते की हाडात, बघू आता."

हैदराबादेत तीस-बत्तीस वर्षं काढली की आम्हा पुणेकरांना एक खोड लागते. मराठी ही आपली खाजगी खोली आहे असं वाटायला लागतं. समोरचा तेलुगू बोलणारा, नाहीतर उर्दू बोलणारा. मग काय, दार सताड उघडं टाकून काहीही बोला.

मुलगी मान वर न करता म्हणाली, "झोप झाली नाही हे खरंय, काका. पण शीर मला बरोबर सापडते. मूठ आवळा."

शीर बरोबर सापडली. बायकोने माझ्या वतीने माफी मागितली, आणि मग त्या दोघी अशा काही बोलायला लागल्या की हातावरचा कापूस दाबत मी आपला श्रोता झालो. मुलीचं घराणं नांदेडकडचं, आजोबांच्या वेळेपासून इथंच. ती दवाखान्याच्या लॅबमध्ये कंत्राटावर कामाला. नवरा रेल्वेत, गाडीबरोबर बाहेर, घरी असला तर असला. पोरगा दोन वर्षांचा. आणि आता तिला कायम करायला निघाले होते. फक्त एकच अट होती: कायम माणसाला तिन्ही पाळ्या कराव्या लागतात. एक आठवडा सकाळ, एक दुपार, एक रात्र. हो की नाही ते लवकरच लिहून द्यायचं होतं.

"मग हो म्हण की!" मी कापसामागून म्हणालो.

"आणि पोरगं?" ती म्हणाली. "ते काय टेस्ट ट्यूबमधी ठेवू?"

तिच्या बस्तीत, विहाराला लागून, महापालिकेचं समाजभवन आहे. दोन खोल्या, कुलूपबंद. तिथं काय करायचं ते वॉर्डातले साहेब ठरवणार होते. पोरांना व्यायामशाळा हवी होती. बायकांना पाळणाघर हवं होतं, आणि तेही नऊ ते चारवालं नाही, पाळ्यांच्या वेळा सांभाळणारं. साहेबांनी सांगितलं होतं, कुणाला कशाची गरज आहे ते बस्तीनेच शोधून आम्हाला दाखवा. त्यासाठी एका छोट्या संस्थेतली ताई येऊन बस्तीतल्याच बायकांना चौकशी कशी करायची ते शिकवत होती. बाहेरच्या माणसाने येऊन बस्तीला प्रश्न विचारायचे नाहीत, बस्तीनेच बस्तीला विचारायचे, अशी तिची पद्धत.

"फक्त तक्ते करणारं कुणी नाही आमच्यात," लॅबवाली म्हणाली. "काका, तुम्ही कम्प्युटरवाले ना?"

मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरातले डाळींचे डबे अक्षरांच्या क्रमाने लावत होतो. बायको इतक्या झटकन "हो, हो, आहेत ते" म्हणाली की मला जरा वाईटच वाटलं.

पुढच्या रविवारी वंदना आटोपल्यावर मी बस्तीत हजर झालो. लॅबवालीची सासू दारातच खुर्ची टाकून बसली होती. पांढरं लुगडं, जाड भिंगांचा चष्मा, एक पाय पुढे सरळ ठेवलेला.

"जय भीम," ती म्हणाली.

"नमस्कार," मी म्हणालो.

"जय भीम," ती पुन्हा म्हणाली, या वेळी जरा मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तशी.

"जय भीम, आजी."

"हां. आता या आत. पुण्याचे म्हणे तुम्ही? चा घेता का जेवून आलाव?"

इथून पुढे तिने मला नावाने कधी हाक मारली नाही. "ओ पुणेकर" एवढंच.

प्रश्नावली मी घरून करूनच नेली होती. रात्र जागून केली असं सांगायला आवडलं असतं, पण दुपारी झोपेच्या वेळेत केली होती. पहिला प्रश्न असा होता: "बालसंगोपनाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबातील कोणती व्यक्ती पार पाडते?" चौकशीला निघणाऱ्या मुलींपैकी एकीने तो कागद हातात घेतला. ती तेलुगू शाळेत शिकलेली. घरी मराठी बोलायची, वाचायची वेळ आली की रस्त्यातल्या खड्ड्यांतून स्कूटर काढावी तशी काढायची. अर्ध्या वाटेत तिने थांबून विचारलं, "काका, ही मराठीच आहे ना?"

मला हसायचा अधिकार नव्हता. माझा स्वतःचा मुलगा जामबागच्या चांगल्या इंग्रजी शाळेत शिकला आणि आजीचं पत्र आलं की माझ्याकडे वाचायला आणून द्यायचा. प्रश्न बदलला. "दिवसा मुलाला कोण सांभाळतं?" हा प्रश्न सगळ्यांना कळला, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

घोटाळा माझा, दुसऱ्या कुणाचाही नाही. निघण्यापूर्वी मी त्या बायका-मुलींना शिष्टाचाराचे धडे दिले. म्हणालो, "घरात गेलं की आधी सगळ्यात मोठं माणूस कोण आहे ते बघायचं. त्यांना विचारायचं. एकदम सुनेला विचारायला गेलात तर सासूचा अपमान होतो."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. लॅबवालीने तोंड उघडलं आणि मिटलं. मी वयाने मोठा, त्यातून पाहुणा. मला कोण सांगणार? मोठ्यांचा मान ठेवायचा हा माझाच नियम त्यांनी माझ्यावर वापरला, आणि मी समजलो, सगळ्यांना पटलं.

पहिल्याच घरी, म्हणजे लॅबवालीच्याच घरी, मी आजींना विचारलं, "दिवसा नातवाला कोण सांभाळतं?"

"मी हाव की! दुसरं कोण?"

लिहून घेतलं. शेजारच्या घरातल्या म्हातारीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हिरवी पट्टी लावलेली. "मीच सांभाळते." लिहून घेतलं. एका घरी आजोबांना ऐकू येत नव्हतं. त्यांच्या कानात प्रश्न ओरडावा लागला, तो पलीकडच्या गल्लीत ऐकू गेला असणार, पण उत्तर ठाम: "आम्ही कशासाठी आहोत?" आणखी एका घरात कर्ता पुरुष म्हणाला, "आजी बघते ना." घरात आजी दिसेना. मग दिसली. भिंतीवर होती, फोटोत, हार घातलेली. तरीही मी लिहून घेतलं. माझ्या धंद्यात उत्तर आलं की ते रकान्यात घालायचं असतं. उत्तर जिवंत आहे की नाही ते बघायचं काम दुसऱ्या विभागाचं.

आठवडाभराने मी त्या सगळ्याचं रंगीत वर्तुळ काढलं. कुणाच्या वाट्याला वर्तुळाचा किती तुकडा येतो ते दाखवणारं. आबिड्सच्या बाजारात जाऊन चकचकीत कागदावर छापून आणलं. सगळं वर्तुळ एकाच रंगाचं होतं. पिवळं. पुरणपोळीसारखं. कडेला बारीक अक्षरात: "घरातील ज्येष्ठ."

ताईने ते हातात धरून बराच वेळ पाहिलं. ती इथलीच, जुन्या शहरातली, दखनी उर्दूत बोलायची. "क्या साब," ती म्हणाली, "ये बस्ती है क्या जन्नत? जिधर देखो उधर दादीच दादी!"

मला वाटलं, कौतुक करतेय.

लॅबवालीने कागद घेतला आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "काका, हा कागद साहेबांकडं गेला ना, तर संपलं. ते म्हणतील, सगळ्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत, पाळणाघर कशाला पाहिजे? व्यायामशाळा करून टाकतील. आणि मी कायमची नोकरी नको म्हणून लिहून देईन." मग जरा थांबून, "म्हणजे ते लिहून द्यायचा कागद पण तुम्हीच टाइप करून द्या. चांगला करता तुम्ही."

हा टोमणा मला दोन दिवस टोचत राहिला. रक्त काढताना टोचलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त.

मी चूक सुधारायची ठरवली, आणि माझी एक खासियत आहे: मी चूक सुधारतो ती बरोबर उलट्या बाजूची दुसरी चूक करून. म्हातारी माणसं खोटं बोलतात ना? मग सुनांनाच विचारू. तेही घराबाहेर, सासूच्या कानाआड. बसस्टॉपवर, भाजीच्या गाडीपाशी, दवाखान्याच्या फाटकाशी आम्ही सुनांना गाठलं. प्रश्न तोच. उत्तरं मात्र अशी आली की मला लिहायला वेग पुरेना. "सासू? ती कुठली सांभाळते? ती टीव्ही सांभाळते." "माझी सासू नातवाला हात लावत नाही, नात असती तर काय केलं असतं देव जाणे." "मी एकटीच हो, काका, सगळं मीच."

दुसरं वर्तुळ तांबडं झालं. तेही अखंड.

ताईने पिवळं आणि तांबडं शेजारी शेजारी ठेवलं. "पिछले हफ्ते सब दादियाँ काम पे थीं. इस हफ्ते एक भी नहीं. क्या हुआ साब, सब गुज़र गये क्या एकदम?"

त्या संध्याकाळी आम्ही लॅबवालीच्या घरी बसलो होतो. मी, ताई, आणि माझी बायको, जी मला सोबत म्हणून आली होती असं म्हणते, पण खरं म्हणजे गंमत बघायला आली होती. आजी दाराजवळच्या आपल्या खुर्चीत. पोरगा तिच्या पायाशी एका चमच्याने जमीन बडवत होता. लॅबवाली आत चहा करत होती.

ताईचा एक नियम होता, तो मी पहिल्या दिवसापासून टाळत आलो होतो. दुसऱ्याला जो प्रश्न विचारायचा, त्याचं उत्तर विचारणाऱ्याने आधी स्वतः द्यायचं. मी म्हणायचो, मी फक्त तक्तेवाला. त्या दिवशी तिने मला सोडलं नाही.

"बोलो साब. तुम्हारा बच्चा छोटा था, तुम दोनों नौकरी पे. दिन में कौन देखता था?"

"माझी आई," मी लगेच म्हणालो.

बायकोने कप खाली ठेवला. "कोण?"

"आई. माझी."

"तुझ्या आई पुण्यात होत्या. वर्षातून एकदा यायच्या, आल्या की तिसऱ्या दिवसापासून परतीचं तिकीट विचारायच्या. आपल्या पोराला खालच्या मजल्यावरच्या अम्मांनी वाढवलं. त्याचा पहिला शब्द तेलुगूत होता. तू तेव्हा रडला होतास."

मी रडलो नव्हतो. पण बाकीचं सगळं खरं होतं, आणि ते ऐकताना मला जे वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. मी खोटं बोललो नव्हतो. कुणी शपथ घालून विचारलं असतं तरी मी "माझी आई" असंच सांगितलं असतं. अम्मांचा चेहरा, त्यांच्या ओट्यावरचं दहीभाताचं पातेलं, दुपारी तिथं झोपलेला माझा मुलगा, सगळं आठवत होतं. आणि तरीही "सांभाळतं कोण" म्हटलं की तोंडातून आई येत होती. मग हा प्रश्न नेमकं विचारतो तरी काय? मला पहिल्यांदाच त्या बस्तीबद्दल तक्त्यापलीकडचं काही जाणून घ्यावंसं वाटलं.

आजी खुर्चीत हलून हलून हसत होती. "ओ पुणेकर! भिंतीवरची आजी लिहून घेतली म्हणे तुम्ही. आता पुण्यातली लिहा."

बायकोने विषय बदलावा म्हणून, निव्वळ गप्पा मारायच्या म्हणून, तिला विचारलं, "आजी, नातू जेवतो का नीट? काल दुपारी काय खाल्लं त्याने?"

"काल व्हय? काल त्याला मागच्या बीबीनं भात चारला. खट्टी दाळ आन भात. मी पडले होते, गुडघा धरला होता माझा."

"आणि परवा?"

"परवा ते टेलरीण बाईकडं होतं. तिच्याकडं चिंध्या असतात ना रंगरंगाच्या, रमतंय तिथं."

लॅबवाली ट्रे घेऊन दारात उभी. "आई, काल बीबीकडं होता तो? मला म्हणालात घरीच होता!"

"घरीच की," आजी म्हणाली. "भिंतीला भिंत लागून आहे."

ताई माझ्याकडे बघत होती. मी बायकोकडे बघत होतो. बायको चहाकडे बघत होती, कारण तिच्या मते काहीच घडलं नव्हतं. आजीने कुणाचं गुपित फोडलं नव्हतं. कोण सांभाळतं हे विचारलं तर तिने आजही "मीच" म्हटलं असतं. पण काल दुपारी काय खाल्लं हे विचारल्यावर खोटं बोलायचं कारणच काय? खट्टी दाळ ती खट्टी दाळ.

तिसऱ्या फेरीत आम्ही एवढंच विचारलं. काल दुपारी पोराने काय खाल्लं, आणि कुणी भरवलं? मी बरोबर गेलो नाही. मला जायचं होतं, पण लॅबवाली म्हणाली, "काका, तुम्ही आलात की सगळे पाट मांडतात. तुम्ही घरी बसा." आणि वर्तुळ काढायचं नाही असं तिने ताईसमोर माझ्याकडून कबूल करून घेतलं.

मग जे जमा झालं ते वाचायला मी रोज संध्याकाळी पळत जायचो. एखादी मालिका बघावी तसा. एक पोरगा दोन घरी जेवत होता आणि दोन्ही घरांना वाटत होतं, आपणच भरवतो. एका घरातली पाचवीतली मुलगी आठवड्यात दोन-तीनदा पोटदुखी म्हणून शाळेला जात नव्हती. आई दुपारपाळीला असेल तेव्हाच पोट दुखायचं. रात्री पहारेकरी असलेला एक बाप दिवसा झोपायचा आणि पोरीच्या फ्रॉकचा पट्टा स्वतःच्या मनगटाला ओढणीने बांधून ठेवायचा, म्हणजे ती दाराकडे गेली की त्याला जाग यावी. भिंतीवरची आजी ज्या घरात होती, त्या घरातलं मूल शेजारच्या किराणा दुकानात तांदळाच्या गोणीवर बसायचं आणि गिऱ्हाइकं त्याला बिस्किटं द्यायची. आणि जवळजवळ सगळ्या घरांत आज्या होत्याच, खऱ्याखुऱ्या. सकाळ त्यांची. दुपार झाली, पाठ टेकली, की मूल तिथून पुढच्या हाताकडे, तिथून पुढच्या. पिवळंही पूर्ण खोटं नव्हतं आणि तांबडंही. पण एक हात आजारी पडला की त्या दिवशी कोणाची तरी पाळी बुडायची.

एक मात्र मला कळत नव्हतं. आजीचा गुडघा धरतो, दुपारी पोरगा बीबीकडे असतो, हे सगळं ठाऊक असताना ती "मीच सांभाळते" का म्हणते? सुनेची नोकरी तिला नको होती का? एकदा मी सरळ विचारलं. सून कामावर होती, पोरगा टेलरीण बाईकडे, म्हणजे अर्थात "घरीच".

आजीने चष्मा काढून पुसला. "थोरला हाय माझा गावाकडं. त्याचं म्हणणं, आई, तू तिथं काय करतीस, इकडं ये. त्याच्याकडं सगळं हाय. पर त्याची पोरं मोठी झाली, कुणाला माझं काम नाही. इथं मी नातवाला सांभाळते. मी नाही म्हणलं की मग मी इथं कशाला? ते सांगा, तुमच्या कम्प्युटरला विचारून."

कम्प्युटरला विचारण्यासारखं ते नव्हतं. मी हे सुनेला सांगितलं नाही. सांगायचं का नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

साहेब बस्तीत यायचे त्या दिवशी समाजभवनाचं कुलूप उघडलं. खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. मागच्या भिंतीशी व्यायामशाळेवाली पोरं हाताची घडी घालून उभी. मी लॅपटॉप आणि प्रोजेक्टर घेऊन आलो होतो. वर्तुळ काढायचं नाही असं कबूल केलं होतं म्हणून मी उभ्या रंगीत पट्ट्या काढल्या होत्या. लॅबवाली दवाखान्यातून सुट्टी काढून आली होती. लिहून द्यायची मुदत संपत आली होती. पोरगा तिच्या कडेवरून उतरून आजीच्या खुर्चीपाशी गेला होता.

साहेब तरुण, तेलुगू माणूस, अतिशय नम्र. प्रोजेक्टरकडे बघून म्हणाले, "वो बाद में देखेंगे सर." आणि त्यांनी खोलीत नजर फिरवली. मला त्या नजरेचा अर्थ आधीच कळला, कारण ती माझीच होती. सगळ्यात मोठं माणूस कोण आहे, ते ती शोधत होती. नजर आजींवर थांबली.

"अम्मा," साहेब हात जोडून म्हणाले, "ये बच्चे को दिन में कौन देखता?"

लॅबवालीने डोळे मिटले. ताईने माझ्याकडे पाहिलं, जणू म्हणत होती, बघा, तुमचाच भाऊ आलाय.

"मैं देखती," आजी ताठ मानेने म्हणाली. "मैंच देखती."

साहेबांनी मान डोलावली. आता ते पुढचा प्रश्न व्यायामशाळेला विचारणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात पोरगा निघाला. दार उघडं होतं, दाराबाहेर उतार होता, आणि उताराखाली रस्ता होता. दुपारची वेळ, ऑटो भरधाव. कुणाचं लक्ष नव्हतं. आजीचं होतं. तिने हाक मारली, "ए! ए सोन्या, इकडं ये!" सोन्या कसला येतोय. तिने खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार दिला आणि उठायला गेली. अर्धी उठली, पाय लटपटला, बसली. परत हाक मारली. परत उठायला गेली. खुर्ची तिच्याबरोबर उचलली गेली आणि तिच्याबरोबरच खाली आली. मी उठायच्या आत, लॅबवाली खुर्च्यांमधून वाट काढायच्या आत, साहेब दारात पोचले होते. त्यांनी पोराला उंबऱ्यावर उचललं. पोराने लगेच त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं.

साहेब पोराला घेऊन आजीसमोर येऊन उभे राहिले.

"सांभाळते म्हणजे," आजी मराठीत म्हणाली, त्यांना कळतंय की नाही याची पर्वा न करता, "हाका मारते, साहेब. लांबून हाका मारते."

लॅबवालीने ते त्यांना तेलुगूत सांगितलं. मग ताई पुढे आली आणि काल दुपारच्या त्या सगळ्या हकिकती एकेक करून सांगितल्या: पट्टा मनगटाला बांधणारा बाप, पोट दुखणारी पोरगी, तांदळाची गोणी. साहेब पोराला मांडीवर घेऊन ऐकत होते. व्यायामशाळेवाल्या पोरांपैकी एकाच्या बहिणीचं नाव त्यात निघालं, तेव्हा तो हाताची घडी सोडून खाली बघायला लागला. माझा प्रोजेक्टर शेवटपर्यंत चालूच होता, भिंतीवर नुसता निळा चौकोन.

एक खोली पाळणाघराला मिळाली, काही महिने बघू या बोलीवर. सकाळपाळीच्या आधीपासून दुपारपाळी सुटेपर्यंत उघडं राहील असं ठरलं. रात्री नाही, रात्रीसाठी माणसं कुठून आणणार, असं साहेब म्हणाले. दुसरी खोली व्यायामशाळेला. मला वाटलं, रात्रीवर सगळं अडणार. पण आजी म्हणाली, "रात्रीचं काय? रात्री ते झोपतंय. मी बी झोपते. तेवढं मला होतंय, अजून बरीच वर्षं होईल." सून तिच्याकडे बघून काहीतरी बोलणार होती, पण "बरं आई" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने हो म्हणून लिहून दिलं. टाइप करायला मला बोलावलं नाही.

तिची पहिली दुपारपाळी सुरू झाली त्या दिवशी मी तिथं गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. उत्सुकता, दुसरं काय. पाळणाघराच्या दाराबाहेर आजी खुर्ची टाकून बसली होती. पलीकडच्या खोलीत लोखंड खणखणत होतं. आतून पोराने जो सूर लावला होता, तो रेल्वे लाइनपर्यंत जात असणार.

"आजी," मी म्हणालो, "इतके दिवस विचारेन विचारेन म्हणतोय. त्या दिवशी सभा संपल्यावर चहा आला, तेव्हा तुम्ही उठून स्वतः ट्रेपर्यंत गेलात. मी बघितलं. मग आधी खरंच उठता येत नव्हतं?"

तिने माझ्याकडे भिंगांवरून पाहिलं. "तुम्ही लिहून घेणार असाल, तर येत नव्हतं."

"आणि नसेन घेणार तर?"

"तर मग तुमच्या गुडघ्याला विचारा. त्याला बी कधी येतंय, कधी येत नाही."

माझं समाधान झालं नाही. आजही झालेलं नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सून होती, बसस्टॉपवरून. आवाज मलाही ऐकू येत होता. "आई, रडतोय का?"

आत पोराने नेमका तेव्हाच वरचा सूर पकडला. आजीने फोनचं तोंड पदराने झाकलं आणि खुर्चीतून उठून, हो, उठून, चार पावलं लांब गेली.

"नाय गं," ती म्हणाली. "खेळायलंय. मी इथंच हाव. बस आली का तुझी?"

पलीकडून काहीतरी आलं.

"मग चढ की."